लघवीच्या रिपोर्टवर ‘ईएसबीएल’ आलंय, आता कोणतं औषध?

प्रश्न: माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, वजन ५५ किलो. मधुमेह आहे, पण गोळ्यांवर साखर ठीक असते. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, दर अर्ध्या तासाला जावं लागायचं. मेडिकलमधून सेफिक्सिम आणि ऑफ्लोक्सासिनची एकत्र गोळी आणून ५ दिवस दिली, सोबत जळजळीचं सिरप. फरक पडला नाही, तेव्हा डॉक्टरांनी कल्चर (लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते पाहायची तपासणी) करायला सांगितलं. रिपोर्ट असा: ई. कोलाय, १ लाखाहून जास्त, ईएसबीएल पॉझिटिव्ह. सेफिक्सिम, सेफ्ट्रियाक्सोन, सिप्रोफ्लोक्सासिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, सगळ्यांपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट (औषध लागू पडत नाही). नायट्रोफुरँटॉइन ‘एस’, म्हणजे लागू पडतं, १६ किंवा कमी. फॉस्फोमायसिन ‘एस’, १६ किंवा कमी. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, अमिकॅसिन ‘एस’. मेरोपेनेम ‘एस’, ०.२५ किंवा कमी. क्रिएटिनिन १.१. ताप नाही, पाठीत दुखत नाही.

डॉक्टरांनी नायट्रोफुरँटॉइन लिहून दिलं आहे. पण दीर म्हणतात, मेरोपेनेमचा आकडा सगळ्यात कमी म्हणजे तेच सगळ्यात जालीम, ॲडमिट करून तेच द्या. मेडिकलवाले म्हणतात, ॲडमिट कशाला, फॅरोपेनेमच्या गोळ्या मिळतात. मला मुळातच कळत नाही की जंतू रेझिस्टंट आहे म्हटल्यावर कुठलंही अँटिबायोटिक त्याला मारतं कसं? आणि हेच औषध पुढे लागू पडेनासं झालं तर? घरात ११ महिन्यांचं बाळ आहे, त्याला धोका आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध या रिपोर्टला आणि सासूबाईंच्या आजच्या लक्षणांना धरून आहे. ते सुरू करा. एक गोष्ट मात्र आजच थांबवा, ते जळजळीचं सिरप. या सिरपांमध्ये बहुतेक वेळा डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असतं आणि ते लघवी अल्कधर्मी करतं. नायट्रोफुरँटॉइन आम्लधर्मी लघवीत जास्त प्रभावी असतं, लघवी अल्कधर्मी झाली की त्याचा जोर कमी होतो. दोन्ही एकत्र घेणारे पेशंट खूप असतात, आणि मग ‘रिपोर्टवर एस होतं तरी लागू पडलं नाही’ म्हणून औषधाला दोष दिला जातो.

आता तुमचा मूळ प्रश्न. जंतू रेझिस्टंट असतो तो ठरावीक औषधांना, ठरावीक कारणाने. सासूबाईंच्या लघवीतल्या ई. कोलायकडे ते कारण काय आहे, हे रिपोर्टनेच सांगितलं आहे: ईएसबीएल, म्हणजे एक्स्टेंडेड स्पेक्ट्रम बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम. ते काय करतं हे समजलं की बाकीचा रिपोर्ट आपोआप उलगडतो.

जंतूच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकनची एक भिंत असते. आत दाब मोठा असतो, तो ही भिंत पेलते. ती सतत वाढत आणि दुरुस्त होत राहते, आणि नव्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडायचं काम काही एन्झाइम करतात. पेनिसिलिन, सेफिक्सिम, सेफ्ट्रियाक्सोन, मेरोपेनेम ही सगळी एकाच मोठ्या कुटुंबातली औषधं आहेत. त्यांच्या रेणूत बीटा-लॅक्टम नावाची चार अणूंची कडी असते. तिचा आकार त्या साखळीच्या टोकासारखा असल्याने जोडणारं एन्झाइम फसतं, तिला धरतं आणि कायमचं अडकून पडतं. भिंतीत विटा येत राहतात, पण सिमेंट पडायचं थांबतं. आतल्या दाबाने पेशी फुटते.

ईएसबीएल ही कडी फोडतं. औषधाचा रेणू आत घ्यायचा, कडी तोडायची, निकामी रेणू सोडून द्यायचा आणि पुढचा घ्यायचा, असं ते न थकता करत राहतं. औषध भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच संपतं. साधी पेनिसिलिनं तर तुटतातच, पण सेफिक्सिम आणि सेफ्ट्रियाक्सोनसारखी तिसऱ्या पिढीची औषधंही तुटतात. नावातलं ‘एक्स्टेंडेड’ यासाठीच आहे. आज जगभर सर्वात जास्त आढळणाऱ्या अशा एन्झाइमांपैकी एक, सीटीएक्स-एम-१५, १९९९मध्ये भारतातल्याच नमुन्यांत सापडलेल्या जंतूंमध्ये पहिल्यांदा ओळखलं गेलं.

मग मेरोपेनेम का वाचतं? तेही याच कुटुंबातलं, त्यालाही तीच कडी. ईएसबीएल तिला धरतं, कडी उघडतंही. पण मेरोपेनेमच्या रेणूला कडीच्या शेजारी एक वेगळी बाजूसाखळी आहे. तिच्यामुळे शेवटची पायरी, म्हणजे रेणू पाण्याने तोडून सोडून देणं, एन्झाइमला फार सावकाश जमते. रेणू तिथेच रुतून बसतो आणि एन्झाइम अडून राहतं. तोवर बाकीचे रेणू भिंतीपर्यंत पोचून आपलं काम करतात. ‘रेझिस्टंट जंतू मरतो कसा’ याचं एक उत्तर हे: औषधाचा मारा त्याच जागी, पण रेणूची घडण अशी की जंतूचं एन्झाइम त्याला वेळेत तोडू शकत नाही.

दुसरं उत्तर म्हणजे एन्झाइमचा बंदोबस्त आधी करायचा. क्लॅव्ह्युलॅनेट आणि टॅझोबॅक्टम हेच करतात. स्वतः ते जंतूला फारसं मारत नाहीत, एन्झाइममध्ये जाऊन बसतात आणि जोडीच्या औषधाला वाट मोकळी करून देतात. असं असूनही रिपोर्टवर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ‘आर’ का आलं? कारण असे जंतू बऱ्याचदा एकाच एन्झाइमवर थांबत नाहीत. सीटीएक्स-एम-१५च्या सोबत ओएक्सए-१ नावाचं दुसरं एन्झाइम पुष्कळदा असतं, आणि त्यावर क्लॅव्ह्युलॅनेटचा नीट परिणाम होत नाही.

पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढे ‘एस’ आहे, त्याबद्दलही सांगायला हवं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेरिनो’ नावाच्या चाचणीत सेफ्ट्रियाक्सोनला दाद न देणारे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला रक्तात पसरलेले पेशंट घेतले होते. रिपोर्टवर दोन्ही औषधं ‘एस’ असतानाही ३० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम गटात १२.३ टक्के होतं आणि मेरोपेनेम गटात ३.७ टक्के. तेव्हा जंतू रक्तात गेला असेल तर ईएसबीएलसाठी मेरोपेनेमच्या वर्गाला (कार्बापेनेम) तोड नाही, हे दिरांचं म्हणणं त्या प्रसंगाला लागू आहे. सासूबाईंचा आजार मात्र आत्ता मूत्राशयापुरता आहे, आणि तिथे तिसरं उत्तर कामाला येतं: भिंतीच्या त्या जागेला हातच लावायचा नाही, दुसरीकडून मारायचं.

नायट्रोफुरँटॉइनमध्ये बीटा-लॅक्टम कडी नाहीच, त्यामुळे ईएसबीएलला त्यात तोडण्यासारखं काही सापडत नाही. हे औषध जंतूच्या आत गेल्यावर जंतूचीच नायट्रोरिडक्टेज एन्झाइमं त्याचं रूपांतर अतिशय जहाल अशा रेणूंत करतात. ते रेणू डीएनए, प्रथिनं तयार करणारे रायबोसोम आणि इतर प्रथिनं या सगळ्यांवर एकाच वेळी घाव घालतात. यातून सुटायला जंतूला निदान दोन वेगवेगळ्या जनुकांत बिघाड करून घ्यावा लागतो, आणि तेवढं करून तो स्वतःही अशक्त होतो. १९५०च्या दशकापासून वापरात असलेलं हे औषध ई. कोलायवर आजही चालतं, त्याचं हे मोठं कारण. फॉस्फोमायसिन भिंतीवरच काम करतं, पण पार सुरुवातीला, विटा घडवणारं पहिलं एन्झाइम बंद पाडून. त्यातही बीटा-लॅक्टम कडी नाही.

उलट सिप्रोफ्लोक्सासिन आणि ऑफ्लोक्सासिन डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या जायरेज एन्झाइमवर मारा करतात. त्यांचा ईएसबीएलशी काही संबंध नाही, तरी तिथेही ‘आर’ आहे, कारण हा जंतू जायरेजमध्येही बदल करून बसला आहे. ईएसबीएलची जनुकं ज्या प्लाझ्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या, छोट्या कड्यावर) असतात त्यावर इतर औषधांपासून बचाव करणारी जनुकंही शेजारी असतात, आणि ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे एकगठ्ठा जातात. मेडिकलमधून आणलेल्या एकत्र गोळीतली दोन्ही औषधं म्हणूनच निकामी ठरली. सोबतचे साधे जंतू मेले आणि या जंतूला जागा मोकळी झाली, एवढाच त्या ५ दिवसांचा हिशेब.

आता आकड्यांचं. औषधापुढे लिहिलेला आकडा म्हणजे एमआयसी: जंतूची वाढ थांबवायला दर मिलिलिटरला किमान किती मायक्रोग्रॅम औषध लागलं ते. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नसतात. प्रत्येक आकडा त्या-त्या औषधाच्या मर्यादेशी ताडतात, कारण शरीरात प्रत्येक औषध वेगळ्या प्रमाणात पोचतं. ई. कोलायसाठी मेरोपेनेमची ‘एस’ची मर्यादा १ आहे, नायट्रोफुरँटॉइनची ३२, फॉस्फोमायसिनची ६४. नायट्रोफुरँटॉइन रक्तात नगण्य राहतं, पण लघवीत ५० ते २०० मायक्रोग्रॅमच्या घरात साठतं. फॉस्फोमायसिन तर लघवीत हजाराच्या वर जातं. मूत्राशयातल्या १६ किंवा कमी एमआयसीच्या जंतूला हे भरपूर झालं. ०.२५ पाहून मेरोपेनेम ‘जास्त जालीम’ ठरत नाही.

लघवीत साठण्याचा हा गुण हीच नायट्रोफुरँटॉइनची मर्यादाही आहे. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात आणि रक्तात ते पुरेसं पोचत नाही. म्हणून पुढच्या काही दिवसांत यापैकी काहीही दिसलं तर औषध पुरेल की नाही याची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हुडहुडी भरणं, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, असंबद्ध बोलणं किंवा गुंगी, लघवी फार कमी होणं. मधुमेही आणि वयस्कर माणसांत ताप कमी आणि गुंगी जास्त, असंही होतं. तेव्हा मेरोपेनेम किंवा एर्टापेनेमची खरी गरज असते. एर्टापेनेम दिवसातून एकदाच, १ ग्रॅम शिरेतून द्यायचं असतं, त्यामुळे प्रकृती स्थिर असेल तर ॲडमिट न होता रोज जाऊनही पूर्ण करता येतं. सासूबाई फिटसाठी व्हॅल्प्रोएटची गोळी घेत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. या वर्गातली औषधं व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी एकदम खाली आणतात आणि बंद असलेल्या फिट पुन्हा येऊ शकतात.

औषध सुरू करण्यापूर्वी एक हिशेब डॉक्टरांकडून तपासून घ्या. क्रिएटिनिन १.१ बघून ‘किडनी नॉर्मल’ असं वाटतं, पण वय आणि वजन धरलं की चित्र बदलतं. १४० वजा ६८ म्हणजे ७२. त्याला वजन ५५ने गुणलं की ३९६०. त्याला ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२ने भागलं की ५०. स्त्रियांसाठी ०.८५ने गुणायचं, उत्तर साधारण ४२ मिलिलिटर दर मिनिटाला. हा क्रिएटिनिन क्लिअरन्स. ३०च्या खाली नायट्रोफुरँटॉइन देत नाहीत, कारण ते लघवीत पुरेसं उतरत नाही आणि अंगात साठून नसांना अपाय करतं. ३० ते ४५च्या पट्ट्यात, जंतू रेझिस्टंट असताना, थोड्या दिवसांचा कोर्स विचारपूर्वक देतात. सासूबाई याच पट्ट्यात आहेत, म्हणून ५ दिवसांचा कोर्स ठीक, महिनोन्‌महिने मात्र नाही. सासूबाईंना किंवा त्यांच्या रक्ताच्या नात्यात कुणाला जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असल्याचं माहीत असेल तर तेही सांगा. अशा माणसांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात.

डोस चिठ्ठीप्रमाणेच द्या. सावकाश विरघळणारी १०० मिलिग्रॅमची गोळी सहसा दिवसातून २ वेळा, ५ दिवस असते. साधी गोळी किंवा कॅप्सूल असेल तर ती दिवसातून ४ वेळा लागते. पाकिटावर ‘एसआर’ आहे का ते पाहा, कारण साधी गोळी २ वेळाच दिली की लघवीतली पातळी मधल्या वेळात पडते. पोटभर जेवणासोबतच द्या: मळमळ कमी होते आणि औषध जास्त शोषलं जातं. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं अँटासिड त्या दिवसांत टाळा. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होईल, घाबरू नका. कोरडा खोकला, धाप किंवा हातापायांना मुंग्या आल्या तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवा.

क्लिअरन्स पाहून डॉक्टरांनी फॉस्फोमायसिन सुचवलं तर ती ३ ग्रॅमची एकच पुडी असते. रात्री झोपताना, जेवणानंतर २-३ तासांनी, आधी लघवीला जाऊन यायचं आणि अर्धा कप साध्या पाण्यात विरघळवून लगेच प्यायचं. गरम पाणी नको. औषध लघवीत २ ते ३ दिवस टिकतं, त्यामुळे सकाळी उठल्याबरोबर जळजळ गेली नाही म्हणून दुसरी पुडी घेऊ नका.

फॅरोपेनेमबद्दल आम्हाला मनापासून काळजी वाटते. ते मेरोपेनेमच्या जवळच्या घडणीचं, पण तोंडाने घ्यायचं औषध आहे. भारतात ते सर्रास विकलं जातं, अमेरिकेत त्याला मान्यता नाही. लॅबमध्ये ‘एस’ किंवा ‘आर’ ठरवायला त्याची अमेरिकी सीएलएसआय संस्थेने ठरवलेली मर्यादाही नाही, म्हणजे ते चालेल का हे तुमच्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. आणि साध्या उन्हाळीसाठी ते वापरलं की आतड्यातल्या कोट्यवधी जंतूंना त्या वर्गातल्या औषधांची चव लागते, ज्या वर्गावर आयसीयूतला पेशंट अवलंबून असतो. नायट्रोफुरँटॉइन ‘एस’ असताना ही गोळी घेण्याचं काहीच कारण नाही. मेडिकलवाल्यांच्या सल्ल्याने तर नाहीच: १ मार्च २०१४पासून लागू झालेल्या एच-१ शेड्यूलमध्ये अनेक अँटिबायोटिक आहेत, ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विकल्याची नोंद दुकानात ठेवावी लागते.

मेरोपेनेमही लागू पडेनासं झालं तर काय, हे तुम्ही विचारलंत. असे जंतू आहेत. त्यांच्याकडे कार्बापेनेमेज, म्हणजे मेरोपेनेमच्या वर्गातली औषधं तोडणारं एन्झाइम असतं, आणि आपल्याकडे त्यातलं महत्त्वाचं एनडीएम, म्हणजे जस्ताच्या मदतीने कडी तोडणारं एन्झाइम. ते मेरोपेनेमही फोडतं आणि अविबॅक्टमसारखी, टॅझोबॅक्टमप्रमाणेच एन्झाइम अडवणारी नवी औषधंही त्याला अडवत नाहीत. अझ्ट्रिओनाम नावाचं जुनं औषध मात्र एनडीएमला तोडता येत नाही. अडचण अशी की अझ्ट्रिओनामला ईएसबीएल तोडतं, आणि एनडीएमवाल्या जंतूत ईएसबीएल बहुधा असतंच. म्हणून सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे जोड-औषध आणि अझ्ट्रिओनाम एकत्र देतात: अविबॅक्टम ईएसबीएलला धरून ठेवतं, अझ्ट्रिओनाम भिंतीवर काम करतं. नुसतं अझ्ट्रिओनाम फुकट जातं आणि नुसतं सेफ्टाझिडिम-अविबॅक्टमही. कोलिस्टिन हा आणखी एक मार्ग. ते जंतूचं बाहेरचं आवरणच विस्कटतं, पण किडनीला जड जातं. २०१९मध्ये भारताने दूध, अंडी, मांस देणाऱ्या जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली, ती ते माणसांसाठी टिकावं म्हणूनच.

जळजळ २ ते ३ दिवसांत कमी व्हायला हवी. तशी झाली आणि ५ दिवसांत गेली, तर पुन्हा कल्चर करू नका. हे मुद्दाम ठासून सांगतो. या वयात त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडतात. वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणी राहणाऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण २५ ते ५० टक्के आहे. गरोदरपण किंवा मूत्रमार्गातली शस्त्रक्रिया सोडली तर अशा नुसत्या जंतूंवर उपचार करत नाहीत. लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते एवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू केलं की पुढचा रिपोर्ट आजच्यापेक्षा वाईट येतो.

३ दिवसांत काहीच फरक नसेल किंवा २ आठवड्यांत त्रास परत आला, तर कल्चर जरूर करा, आणि नमुना नीट द्या. पुढचं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्या. नुसत्या पाण्याने जागा धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आत बोट लावायचं नाही. २ तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, २४ तासांच्या आत द्या. अनुकूल तापमानाला ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे ३ तासांत ५१२ पट. पिशवीत राहिलेल्या डबीतले शेदोनशे जंतू असेच ‘१ लाखाहून जास्त’ होऊन बसतात.

त्रास वारंवार होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. पाळी गेल्यानंतर तिथले लॅक्टोबॅसिलस नावाचे संरक्षक जंतू कमी होतात, क्रीमने ते परत येतात आणि उन्हाळीचे प्रसंग कमी होतात. या विषयावर बोलायला घरात संकोच असतो, म्हणून तुम्हीच सोबत जा. बद्धकोष्ठता असेल तर तीही घालवा, भरलेलं आतडं मूत्राशय पूर्ण रिकामं होऊ देत नाही.

बाळाला आजीपासून दूर ठेवायची गरज नाही. हा जंतू हवेतून पसरत नाही. तो आतड्यात राहतो आणि विष्ठेतून हाताला, हातावरून तोंडात जातो. संडासनंतर, डायपर बदलल्यावर आणि बाळाला भरवण्यापूर्वी सगळ्यांनीच साबणाने हात धुवावेत. भांडी, कपडे वेगळे नकोत. बाळाच्या आतड्यात तो गेला तरी बहुधा काही न करता राहतो. मात्र पुढे कधी बाळाला कारण सापडत नाही असा ताप आला, तर बालरोगतज्ज्ञांना ‘घरात आजीला ईएसबीएल होता’ हे वाक्य आठवणीने सांगा आणि लघवी तपासून घ्या. सासूबाईंच्या या रिपोर्टचा फोटोही फोनमध्ये ठेवा. पुढचे सहा महिने त्यांना कुठल्याही कारणाने ॲडमिट करावं लागलं, तर कल्चरचा नवा रिपोर्ट यायला लागणाऱ्या २-३ दिवसांत काय सुरू करायचं, हे डॉक्टरांना त्यावरूनच ठरवता येईल.